आश्रय आणि घर : ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ या कादंबरीचा परिचय



अनाथ बालकाला दोन वेळचे अन्न, अंगभर वस्त्र आणि डोक्यावर छप्पर लाभले की त्याची सोय झाली, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. सोय झाली हे खरेच. परंतु त्या बालकाला घर मिळाले काय, हा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. आश्रय देणे आणि घर देणे यांतील अंतर किती आहे, ते कोणी आणि कसे ओलांडावयाचे, याचा विचार एका कॅनेडियन लेखिकेने मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीत अत्यंत हळुवारपणे केला आहे. लूसी मॉड माँटगोमेरी हे त्या लेखिकेचे नाव आणि ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ हे तिच्या कादंबरीचे नाव. ही कादंबरी १९०८ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे प्रसिद्ध झाली. आज शंभरहून अधिक वर्षे लोटली, तरी जगातील अनेक भाषांतील मुले आणि त्यांचे पालक ती वाचीत आहेत.

कथा घडते ती कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळील प्रिन्स एडवर्ड बेटावर. तांबडी माती, सफरचंदाच्या बागा, बटाट्याची शेते आणि चहूकडे समुद्र असा हा प्रदेश. तेथील अ‍ॅव्हनली या काल्पनिक खेड्यात मॅथ्यू आणि मरिला कथबर्ट ही भाऊबहीण राहतात. दोघेही अविवाहित. मॅथ्यू साठीला पोहोचलेला, स्वभावाने कमालीचा लाजाळू आणि अबोल. मरिला काटेकोर, कामसू आणि वरून कठोर. दोन उतरत्या छपरांच्या मध्ये भिंतीचा जो त्रिकोणी भाग येतो त्याला गेबल म्हणतात. त्यांच्या घराचे हे त्रिकोण हिरव्या रंगाचे आहेत, म्हणून घराचे नाव ‘ग्रीन गेबल्स’.

मॅथ्यूचे हृदय आता पूर्वीसारखे साथ देत नाही. शेतीच्या कामाला हाताशी कोणी तरी हवे, म्हणून दोघे अनाथाश्रमातून दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आणावयाचे ठरवितात. निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जाताना चूक होते. मॅथ्यू घोडागाडी घेऊन आठ मैलांवरच्या रेल्वे स्थानकावर पोहोचतो, तेव्हा फलाटाच्या टोकाला मुलाच्या ऐवजी अकरा वर्षांची, लाल केसांची, किडकिडीत मुलगी जुनाट पिशवी धरून बसलेली असते. तिचे नाव अ‍ॅन शर्ली. कोणी न्यायला आलेच नाही तर पलीकडच्या रानचेरीच्या झाडावर चढून रात्र काढावयाची, असे तिने मनाशी ठरवूनही ठेवलेले असते.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कथबर्ट भावंडे दुष्ट नाहीत. मुलाला चांगले वागवावे, शाळेत घालावे, असाच त्यांचा हेतू आहे. तरीही मूळ मागणी आहे ती उपयोगाची. शेतावर राबू शकेल असे दोन हात त्यांना हवे आहेत. त्या काळी यात कोणालाच वावगे वाटत नसे. इंग्लंडमधील अनाथ व निर्धन मुलांना जहाजांत बसवून कॅनडात पाठविण्याची प्रथा १८६९ च्या सुमारास सुरू झाली आणि पुढील अनेक दशकांत सुमारे एक लाख मुले अशा रीतीने समुद्रापार गेली. मुलगे शेतांवर, मुली घरकामाला, अशी त्यांची वाटणी होई. काहींना प्रेमाची माणसे भेटली. परंतु अनेकांच्या वाट्याला केवळ कष्ट आले. कादंबरीतही मरिलाच्या बोलण्यात लंडनच्या बर्नार्डो संस्थेतील मुलांचा ओझरता उल्लेख येतो आणि परक्या मुलुखातले मूल नको, आपल्याच भूमीत जन्मलेले हवे, असे ती म्हणते. मुलांना अशा प्रकारे परदेशी धाडण्याच्या या धोरणाबद्दल ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २०१० साली जाहीर क्षमायाचना केली. अ‍ॅनची कथा काल्पनिक असली, तरी ती अशा खऱ्या जगात उभी आहे.

स्थानकापासून घरापर्यंतच्या प्रवासात ही मुलगी अखंड बोलत राहते. वाटेतील फुललेल्या सफरचंदांच्या रांगेला, एका साध्या तळ्याला ती स्वतःची सुंदर नावे देते. दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेरच्या चेरीच्या झाडाला आणि स्वयंपाकघरातील कुंडीतल्या रोपालाही नाव मिळते. तिच्या कल्पनाशक्तीचे कौतुक सर्वच वाचक करतात; पण तिचे मूळ फार करुण आहे. ज्याच्या मालकीचे जगात काहीच नाही, त्याला एखादी वस्तू आपली करून घेण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तिला नाव देणे. पूर्वीच्या घरी पुस्तकांच्या कपाटाच्या काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब हीच तिची मैत्रीण होती आणि पुढच्या ठिकाणी दरीतून उमटणारा प्रतिध्वनी ही दुसरी. बोलावयाला माणूस नसले म्हणजे मूल काचेशी बोलते. स्वतःच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटी ‘ई’ हे अक्षर हवेच, हा तिचा हट्टही याच जातीचा. तेवढेच एक नाव तिच्या हक्काचे आहे. ते तरी पूर्ण लिहिले जावे, इतकीच तिची मागणी.

घरी पोहोचल्यावर आपण नको आहोत, हे तिला कळते. त्या रात्री ती रडत झोपते. खाली स्वयंपाकघरात मरिला भावाला विचारते की, या मुलीचा आपल्याला काय उपयोग? साऱ्या गावाने विचारला असता असाच तो प्रश्न आहे. त्यावर अबोल मॅथ्यू हळूच सुचवितो की, कदाचित आपलाच तिला काही उपयोग होईल. संपूर्ण कादंबरीचा कणा या एका उत्तरात आहे. प्रश्नातील शब्द तेच. केवळ देणारा आणि घेणारा यांच्या जागा बदलल्या. आश्रयदात्याच्या मनात हा बदल घडला, की आश्रयाचे घर होण्यास आरंभ होतो.

मरिलाला मात्र हे अंतर ओलांडण्यास वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी ती अ‍ॅनला परत पाठविण्यासाठी घोडागाडीतून निघते. वाटेत ती मुलीला तिची हकिकत विचारते. आईवडील दोघेही शिक्षक. मूल तीन महिन्यांचे असताना तापाने गेले. पुढे आठ वर्षांची होईतो एका कुटुंबात मुले सांभाळली. मग दुसऱ्या घरी जुळ्यांच्या तीन जोड्या. शेवटी चार महिने अनाथाश्रम. त्या बायका तुझ्याशी चांगल्या वागल्या काय, असे मरिला विचारते. मुलगी लाजते, अडखळते आणि त्या बायकांचीच बाजू घेऊ लागते. चांगले वागण्याची त्यांची इच्छा होती, त्यांच्या मागे व्याप फार होते, असे ती सांगते. अकरा वर्षांच्या उपाशी मनाने दाखविलेली ही क्षमाशीलता मरिलाच्या अंतःकरणाला कोठे तरी स्पर्श करून जाते.

आणि मग ब्लुएट नावाची एक बाई समोर येते. तिला मुले सांभाळण्यासाठी मुलगी हवीच आहे. ती अ‍ॅनला नखशिखान्त न्याहाळते, वय विचारते आणि खाल्ल्या अन्नाचे काम करावे लागेल, असे बजावते. ही बाई चिक्कू आणि तापट आहे, तिच्याकडे नोकर टिकत नाहीत, हे मरिलाला ठाऊक असते. तिची दृष्टी मुलीच्या पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्याकडे जाते. मरिला काही भावनेचे मोठे शब्द उच्चारीत नाही. अजून नक्की ठरलेले नाही, असे काहीसे बोलून ती मुलीला परत घरी आणते. उपयोगाचा विचार त्याच्या उघड्या रूपात दुसऱ्याच्या ठिकाणी दिसला, तेव्हा तिला आपलाही विचार आरशात पाहावा तसा दिसला असावा.

मात्र मुलीला ठेवून घेतले म्हणून लगेच घर झाले, असे लेखिका मानीत नाही. घर घडत जाते ते लहानलहान प्रसंगांतून. मरिलाचा जांभळ्या खड्यांचा ब्रोच हरवतो. तो शेवटी अ‍ॅनने हाताळलेला. म्हणून तिनेच घालविला अशी मरिलाची खात्री होते. कबुली दिल्याखेरीज खोलीबाहेर पडावयाचे नाही, अशी शिक्षा होते. त्या दिवशी मुलांची सहल असते आणि अ‍ॅनने आयुष्यात कधीही न चाखलेले आइसक्रीम तेथे मिळणार असते. सहलीला जाता यावे म्हणून ती न केलेल्या अपराधाची रसभरित कबुली रचून सांगते आणि तरीही सहल हुकते! नंतर ब्रोच मरिलाच्याच काळ्या शालीला अडकलेला सापडतो. तेव्हा मरिला मुलीच्या खोलीत जाऊन आपली चूक मान्य करते आणि तिला सहलीला पाठविते. मोठ्या माणसाने पोरक्या मुलासमोर आपली चूक कबूल करावी, ही त्या काळी किरकोळ गोष्ट नव्हती. आश्रयदात्याला कोणी जाब विचारीत नाही; घरातील वडीलधाऱ्यांना मात्र चूक सुधारावी लागते.

मॅथ्यूची रीत निराळी. एका संध्याकाळी मैत्रिणींमध्ये बसलेली अ‍ॅन पाहताना त्याला वाटते, हिच्यात आणि इतर मुलींत काही तरी फरक आहे. बराच काळ विचार केल्यावर त्याच्या ध्यानात येते की, फरक कपड्यांचा आहे. मरिला तिला स्वच्छ आणि टिकाऊ, पण अगदी साधे, अरुंद बाह्यांचे झगे शिवते; बाकीच्या मुलींच्या बाह्या फुग्याच्या असतात. हा लाजाळू वृद्ध दुकानात जातो. समोर विक्रीस बाई पाहून गोंधळतो आणि कापड मागण्याऐवजी ऐन हिवाळ्यात दंताळे आणि वीस पौंड तपकिरी साखर घेऊन घरी येतो. शेवटी शेजारीण रेचेल लिंड हिच्या मदतीने तो नाताळासाठी फुग्याच्या बाह्यांचा तपकिरी झगा शिवून घेतो. हा प्रसंग वाचकाला हसवतो. परंतु त्यातील मर्म गंभीर आहे. मुलीला वस्त्राची ददात नव्हती, तिला चारचौघींसारखे दिसावयाचे होते. दिलेल्या वस्त्रावर ‘दिलेले’ असा शिक्का दिसू नये, हे त्या अशिक्षितप्राय शेतकऱ्याच्या लक्षात आले.

मुलीकडूनही देणे घडते. डायना बॅरी ही अ‍ॅनची जिवलग मैत्रीण. रासबेरीच्या सरबताऐवजी चुकून दुसरीच बाटली तिच्या हाती पडते, तिला नशा चढते आणि डायनाची आई दोघींची मैत्री तोडून टाकते. काही काळाने एका हिवाळी रात्री बॅरी दांपत्य बाहेरगावी गेलेले असताना डायनाच्या लहान बहिणीला घशाचा, श्वास कोंडणारा आजार होतो. डॉक्टर येईपर्यंत अ‍ॅन एकटी धीराने औषधे देत राहते आणि मूल वाचते. हे ज्ञान तिला कोठून मिळाले? जुळ्यांच्या तीन जोड्या सांभाळण्याच्या त्या निर्दय वर्षांतून. पूर्वी जे काम तिच्यावर लादले गेले होते, तेच आता ती स्नेहापोटी आपण होऊन करते. काम तेच असले, तरी वेठ आणि सेवा यांतील भेद येथे उघड होतो.

वर्षे सरतात. वर्गात गाजर म्हणून चिडविणाऱ्या गिल्बर्ट ब्लाइथच्या डोक्यावर पाटी फोडणारी ही मुलगी पुढे अभ्यासात त्याच्याशी चुरस करते, शिक्षिका होण्याची परीक्षा देते आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळविते. थकलेल्या मॅथ्यूकडे पाहून एकदा ती म्हणते की, मी मुलगा असते तर तुमचे कष्ट हलके झाले असते. डझनभर मुलग्यांपेक्षा मला तूच अधिक, असे मॅथ्यू सांगतो. शिष्यवृत्ती जिंकणारा काही मुलगा नव्हता, ती माझी मुलगी होती, हेही अभिमानाने ऐकवितो. पहिल्या रात्रीच्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर होय. दुसऱ्याच दिवशी, ज्या बँकेत साऱ्या आयुष्याची पुंजी होती ती बुडाल्याची बातमी वाचून मॅथ्यू कोसळतो आणि प्राण सोडतो. त्या रात्री कठोर मरिला रडणाऱ्या अ‍ॅनला जवळ घेते आणि आपल्या रक्तामांसाच्या लेकराइतकेच प्रेम आपण तिच्यावर करीत आलो, हे प्रथमच बोलून दाखविते.

आता मरिलाची दृष्टी अधू होत चालली आहे, पैसा गेला आहे, म्हणून घर विकण्यावाचून तिला गत्यंतर दिसत नाही. अ‍ॅन शिष्यवृत्ती सोडून देते आणि गावाजवळ शिक्षिकेची नोकरी धरून मरिलाजवळ राहण्याचा निश्चय करते. तिला घरापासून दूर जावे लागू नये म्हणून गिल्बर्ट गावच्या शाळेतील आपली जागा तिच्यासाठी सोडतो. या त्यागाबद्दल आजच्या काही वाचकांच्या मनात प्रश्न उभा राहतो: हुशार मुलीने शिक्षण का सोडावे? तो प्रश्न रास्त आहे, आणि पुढील भागांत लेखिकेने अ‍ॅनला महाविद्यालयात पाठवून पदवीधर केलेही आहे. परंतु येथे पाहावयाचे ते असे की, हा निर्णय तिच्यावर कोणी लादलेला नाही. मरिला तर विरोधच करते. चुकून आलेली, परत पाठविली जाणारी मुलगी शेवटी त्या घराला तारते. ज्याला घर मिळाले तोच घर राखू शकतो. ज्याला केवळ आश्रय मिळाला तो वेळ येताच निघून जातो, आणि त्याचा दोष त्याला देता येत नाही.

ही कथा लिहिणाऱ्या लेखिकेचे स्वतःचे जीवन पाहिले, म्हणजे या कल्पनेला किती खोल अनुभवाचा आधार आहे हे कळते. तिचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ रोजी त्याच बेटावर झाला. ती दोन वर्षांचीही झाली नव्हती तोच आई क्षयाने वारली. वडील तिला कॅव्हेंडिश येथे आजोळी ठेवून दूर पश्चिमेकडे गेले आणि तेथे त्यांनी दुसरा विवाह केला. आजी-आजोबांनी तिचा सांभाळ केला, शिक्षण दिले; परंतु घरात शिस्त अधिक आणि जिव्हाळ्याचे बोलणे कमी. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती मोठ्या आशेने वडिलांकडे राहावयास गेली, तेव्हा सावत्र आईच्या घरकामासाठी आणि मुलांसाठी तिला शाळेतून घरी ठेवण्यात आले. वर्षभरातच ती आजोळी परतली.

१८९८ साली आजोबा निवर्तले. आजी एकटी पडू नये म्हणून ती शिक्षिकेची नोकरी सोडून आजीजवळ येऊन राहिली आणि थोडा काळ वगळता आजीच्या अखेरपर्यंत तेथेच राहिली. कादंबरीच्या शेवटी अ‍ॅन जे करते, ते लेखिकेने आधी स्वतः केले होते. त्याच घरात ही कादंबरी लिहिली गेली. अनेक प्रकाशकांनी ती साभार परत पाठविल्यावर हस्तलिखित टोपी ठेवण्याच्या पेटीत पडून राहिले. पुढे ते पुन्हा हाती लागले, पुन्हा वाचले गेले आणि १९०७ साली स्वीकारले गेले. पुस्तक निघताच त्याला अपूर्व यश लाभले.

मात्र १९११ च्या मार्च महिन्यात आजीचे निधन झाले. ते घर वारसाहक्काने मामाकडे गेलेले होते. आजी हयात होती तोवरच मॉडला तेथे जागा होती. हिरव्या त्रिकोणांच्या घराने साऱ्या जगाला वेड लावणारी ही लेखिका आपल्या घरातून बाहेर पडली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिचा विवाह धर्मोपदेशक यूअन मॅकडोनाल्ड यांच्याशी झाला आणि ती ऑन्टारिओ प्रांतात गेली. तेथे राहावयास मिळाली ती चर्चच्या मालकीची घरे. स्वतःच्या मालकीचे पहिले घर तिने टोरांटो येथे घेतले ते १९३५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी. २४ एप्रिल १९४२ रोजी तिचे निधन झाले.

तिचे पुस्तक मात्र घरोघरी पोहोचत राहिले. जपानमधील अनुवादिका हानाको मुराओका यांना एका कॅनेडियन मैत्रिणीने १९३९ साली मायदेशी परतताना या कादंबरीची प्रत भेट दिली. पुढे महायुद्ध पेटले, इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली, तरी मुराओका यांनी बॉम्बवर्षावाच्या दिवसांत हा अनुवाद जिवापाड जपला. १९५२ साली तो ‘लाल केसांची अ‍ॅन’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाला. युद्धात अगणित मुले पोरकी झालेल्या त्या देशाने या पोरक्या मुलीला आपलीच मानले. १९७९ साली तेथे तिच्यावर चित्रमालिकाही निघाली.

आज कॅव्हेंडिशला जाणाऱ्या प्रवाशाला दोन जागा दाखविल्या जातात. एक, लेखिकेच्या आजोबांच्या नातलगांचे शेतघर, ज्यावरून तिला ‘ग्रीन गेबल्स’ सुचले. ते १९३७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात जतन केलेले आहे. दुसरी, जेथे ती प्रत्यक्षात वाढली आणि जेथे तिने ही कादंबरी लिहिली ते आजोळचे घर. ते पुढे ओस पडले आणि पाडले गेले. आता तेथे केवळ पायाचे दगड उरले आहेत. कल्पनेतील घर उभे आहे आणि खरे घर नाही. लेखिकेचे चिरविश्रांतिस्थानही तेथून जवळच, तिने स्वतः निवडलेल्या जागी आहे.

दानावर चालणाऱ्या संस्थांच्या अहवालांत खाटांची, भोजनाची, शुल्कमाफीची संख्या दिलेली असते आणि ती द्यावीच लागते. परंतु मुलाला त्याच्या पूर्ण नावाने कोणी हाक मारली काय, त्याच्यावर अन्याय झाल्यावर चूक कोणी कबूल केली काय, त्याच्या बाह्या चारचौघांसारख्या आहेत काय, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. मॅथ्यू कथबर्टने ती मनात केली होती. हे मूल आपल्या काय कामाचे, असा विचार जेथे जेथे उभा राहील, तेथे त्या अबोल शेतकऱ्याचे उत्तर आठवावे, इतकीच या कादंबरीची वाचकाकडे मागणी आहे.